आण्णांच्या नावावरचा ऊस

१६ जून, सोम.
प्रतीक्षाचा सीईटीचा निकाल लागला. ब्याण्णव. "टक्के नाही गं मम्मी, पर्सेंटाईल," हे तीनदा ऐकून घेतलं. असेल काय असेल ते. पुण्यातलं इंजिनिअरिंगचं कॉलेज मिळेल म्हणते. इनामगावच्या आमच्या वस्तीवरून अजून एकही पोरगी तिकडं गेलेली नाही.

दूध केंद्रावर पेढे नेले. मी तिथं दुधाची फॅट काढते, त्यामुळं निम्मं गाव माझ्यावर कायम रुसलेलं. आज सगळे गोड बोलले. उद्या फॅट कमी लागली की परत तोंडं वाकडी.

फी वर्षाला एक लाख अडतीस हजार. पण मुलींना माफ आहे, घरचं उत्पन्न आठ लाखाच्या आत असेल तर. दाखला दरवर्षी नवा लागतो. आमचं उत्पन्न आणि आठ लाख? हसूच आलं. तलाठी मॅडमचा अहवाल घ्यायचा, तो घेऊन शिरूरला तहसीलचा दाखला. चार दिवसांचं काम.

हे फार खुशीत. ह्यांना सगळं गाव आण्णा म्हणतं. ओट्यावर जो येईल त्याला सांगत होते, "आमची प्रतीक्षा इंजिनिअर हुनार." पोरगी आत लाजून मरत होती.

१८ जून, बुध.
चार दिवसांचं काम म्हणे. जीभच झडली पाहिजे माझी.

तलाठी मॅडम चांगली आहे, वयानं लहान, ताई ताई करून बोलते. ऊसबिलाच्या पावत्या, पासबुक, सातबारा सगळं पुढं ठेवलं. तिनं शांतपणे बेरीज केली. पाचशे ऐंशी टन ऊस. खर्च वजा धरून आठ लाख चाळीस हजार. त्यात माझा केंद्राचा पगार, शहाण्णव हजार. एकूण नऊ लाख छत्तीस.

"आठच्या वर गेलं, ताई."

मी म्हटलं, अहो, सगळा ऊस आमचा नाही हो. आमचा दोनशे सत्तर टन. दोनशे वीस माझ्या दिराचा, बापूभाऊजींचा. आणि नव्वद शेजारच्या बाबूलाल चाचांचा. कारखान्याचे सभासद एकटे हेच. सभासदाचा ऊस म्हटलं की तोडणीची टोळी वेळेवर येते, बाकीच्यांचा उभा वाळतो. म्हणून तिघांचा ऊस ह्यांच्या एकट्याच्या नावावर जातो. सासऱ्यांपासूनची रीत. बिल ह्यांच्या खात्यावर जमा झालं की हे त्याच दिवशी काढून ज्याचं त्याच्या हातावर ठेवतात. आजपर्यंत रुपया इकडचा तिकडं नाही.

"मी तुमच्यावर विश्वास ठेवते. पण मग आण्णांनी तसं सांगावं, आणि ज्यांचा ऊस आहे त्यांनी सह्या कराव्यात." थोडं थांबून म्हणाली, "आणि ताई, चौकातला फ्लेक्स मी रोज बघते."

तो फ्लेक्स. पाडव्याला कारखान्यात ह्यांचा सत्कार झाला. पाचशे ऐंशी टनाला कुणीतरी आमच्या सात एकरानं भागलं आणि ह्यांना 'एकरी ब्याऐंशी टनाचे मानकरी' करून टाकलं. हे खोटं बोलले नाहीत. गप्प बसले फक्त. शाल घेतली, नारळ घेतला, फोटो काढला. वस्तीवरच्या पोरांनी फ्लेक्स लावला. आमच्या रानात एकरी अडतीस पडतो, तोही देवाची कृपा असली तर.

१९ जून, गुरु.
जेवताना विषय काढला. काढायला नको होता, निदान भाकरी तरी खाऊन झाली असती.

"माझा ऊस न्हाई, असं सांगू मी तलाठ्याला?"

"सगळा न्हाई. तीनशे दहा टन आपला न्हाई, एवढंच सांगायचंय."

"आन् लोक काय म्हंतील? आण्णा लोकांचा ऊस घालून मानकरी झाला?"

"झालाच की."

ताट सारलं. म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची असती. मी म्हटलं, सव्वा लाखाची असती तर आज फी माफ झाली असती, तुमची मूठ नऊ लाखाची निघाली. त्यावर उठूनच गेले. जाता जाता, "फी भरायला मी खंबीर हाय." कशातून, ते सांगितलं नाही. घरचा महिना मी चालवते, मला माहीत आहे डब्यात काय आहे. चार वर्षांची फी आणि वर होस्टेल. म्हणजे रान विकायचं, नाहीतर पोरीला घरी बसवायचं. तिसरं काही नाही.

घरात नाही दाणा आन् मला बाजीराव म्हणा. दाणा आहे आमच्या घरात, उगाच खोटं कशाला. पण बाजीरावकी जास्त झाली.

ही फी माफ करून घेणार मी. लिहून ठेवते इथं, म्हणजे माझीच मला लाज राहील.

२२ जून, रवि.
वरवंडला गेलो. माझं माहेर. तिथं शेतकरी मेळावा होता आणि ह्यांचं भाषण, विषय 'एकरी ब्याऐंशी टनाचं तंत्र'. दोन महिन्यांतलं हे चौथं बोलावणं.

पाऊण तास बोलले. पाचट जाळू नका, सरी रुंद ठेवा, बेणं स्वतःच्या रानातलं घ्या. सांगितलं ते सगळं खरं, एका आकड्याशिवाय. लोक वहीत लिहून घेत होते. माझा भाऊ पहिल्या ओळीत, शेजारच्याला कोपरानं ढोसून सांगत होता, आमचं दाजी. मी बायकांच्या बाजूला मान खाली घालून. हसू पण येत होतं आणि मेल्याहून मेल्यासारखं पण.

परत येताना मोटारसायकलवर मागं वळून म्हणाले, "बघितलं का, लोक किती कान दिऊन ऐकत्यात." पोरासारखे खूश होते. लग्नाला बावीस वर्षं झाली, एवढे खूश मी ह्यांना क्वचित बघितले असतील. म्हणून मग रस्त्यात काही बोलले नाही.

२५ जून, बुध.
शिरूर. कुणीतरी एका एजंटाचं नाव सांगितलं होतं, प्र.ला घेऊन गेले. स्टँडजवळ जिन्यावर खोली, पंखा जोरात. "पासबुक दाखवायचंच नाही हो मावशी. एक लाख वीस हजाराचा दाखला काढून देतो. मला पाच द्या." पाच म्हणजे पाच हजार.

खरं सांगायचं तर मी मनात पाच हजार कुठून काढायचे ते बघत होते. प्र. उठून उभी राहिली. "चल मम्मी."

खाली आल्यावर म्हणाली, "तिसऱ्या वर्षाला कुणी तक्रार केली तर सगळी फी एकदम परत मागतील. रोज तेच डोक्यात घेऊन अभ्यास करू का मी?" मग म्हणाली, "आपण खरंच बसतो ना आठ लाखात? मग खोटं कशाला?"

उसाचा रस प्यायलो दोघी. रसवंतीवाला म्हणाला, ऊस लई महाग झालाय. आम्ही दोघी एकमेकींकडं बघून हसत सुटलो, त्याला काही कळेना.

२८ जून, शनि.
बाबूलाल चाचा आले होते. सासऱ्यांचे जोडीदार, सत्तरी कधीच ओलांडली. ओट्यावर बसले, पाणी प्यायले, आणि सरळ विषयावर.

"सूनबाई, माझा नव्वद टन हाय. मी येतो तलाठीबाईकडं. सांगतो, हा माझा."

मी म्हटलं, चाचा, तेवढं उत्पन्न दाखवलंत तर तुमचं रेशनचं धान्य बंद होईल.

"हुईल तर हू दे. तुझ्या सासऱ्यानं माझा ऊस त्याच्या नावावर घातला तवा त्यानं काय हिशेब केला हुता?"

त्यांच्यासमोरच बेरीज केली. चाचांचे एक लाख तीस काढले तर आमचे राहतात आठ लाख सहा हजार. सहा हजारानं अडतंय. म्हाताऱ्याचं धान्य पण जाणार आणि काम पण होणार नाही. त्यांना तसं सांगितलं. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. चहा घेतला तेव्हा कुठं उठले.

उलट बापूभाऊजींचे तीन लाख वीस काढले तर राहतात सहा लाख सोळा. चाचांचं सगळं आमच्यात धरूनसुद्धा. म्हणजे चाचांना मधी आणायचंच नाही. आमच्याकडं जास्त दिसलं तर सरकारचं काय जातंय. एक सही पाहिजे, सख्ख्या भावाची. ती मिळेलच की.

३० जून, सोम.
नाही मिळाली.

बापूभाऊजींचं दार आमच्या दारासमोर, मधी फक्त अंगण. पिकअप काढत होते. मी सगळं सांगितलं. काचेतून समोर बघत म्हणाले, "वहिनी, दुसरं काय पण सांगा. सहीचं तेवढं सांगू नगा." आणि गेले की.

आख्खा दिवस डोकं तापलेलं. केंद्रावर एकाच्या दुधाला फॅट दोन दोन वेळा लावली, तो पण बिचारा घाबरला.

दुपारी शोभा आली. माझी जाऊ, बापूभाऊजींची बायको. पदराशी चाळा करत उभी. "ताई, राग मानू नका. ओमकारचं हाय." ओमकार तिचा मुलगा, दौंडला डिप्लोमा करतो, त्याला पण सवलत आहे. गेल्या वर्षी त्यांनी उत्पन्नाचा दाखला काढला तो नव्वद हजाराचा. आता भाऊजींनी सही केली की तीन लाख वीस हजाराचा ऊस अंगावर येतो. मग नव्वद हजार कुठून आले, कुणी विचारलं तर?

माझा राग तिथल्या तिथं विरला. तिलाही पोराचीच काळजी.

२ जुलै, बुध.
शोभाबरोबर कांदा निवडायला बसले. हातानं कांदे, तोंडानं हिशेब. म्हटलं, तुमचं खरं सगळं सांग बरं मला. ऊस तीन लाख वीस. पिकअपचं भाडं, डिझेल जाऊन, वर्षाला एक लाख तीस. झाले साडेचार लाख.

"आगं शोभा, हद्द आठ लाखाची हाय. साडेचार खरं सांगितलं असतंस तरी ओमकारला सवलत मिळाली असती. नव्वद हजार कशाला लिवलं?"

तिनं हातातला कांदा खाली ठेवला. "मला काय म्हाईत ताई. दाखल्याच्या सेंटरवाल्यानं इचारलं किती टाकू. हे म्हणले, बसंल तेवढं कमी टाक. सरकारला कमीच सांगायचं असतंय ना आपल्यात."

आधी मी हसले, मग ती हसली, मग दोघींना आवरेना. सडका कांदा तिनं चांगल्यात टाकला, मी चांगला सडक्यात. एका भावानं नाव मोठं व्हावं म्हणून सगळ्यांचं आपल्याकडं ओढलं, दुसऱ्यानं भिऊन आपलं होतं ते पण लपवलं. आणि दोघांपैकी एकाला पण त्याची गरज नव्हती.

हसून झाल्यावर शोभा म्हणाली, "पर मागचं उकरलं कुणी तर?"

मॅडमला फोन केला. नाव न घेता विचारलं. ती म्हणाली, मागच्या दाखल्याचं काय होईल ते मी सांगू शकत नाही ताई, खोटं आश्वासन देणार नाही. यंदाचं खरं सांगितलं तर यंदाचा दाखला खरा मिळेल. तेच शोभाला सांगितलं, काही न लपवता. ती म्हणाली, ह्यांच्याशी बोलते.

४ जुलै, शुक्र.
भाऊजी आपण होऊन आले. हे रानात होते, बहुतेक ते बघूनच आले.

"सही करतो वहिनी. ओमकारचा पण यंदा खरा दाखला काढतो. मागचं निघालं तर भरू दंड. सारखी धाकधूक नको."

माझ्या डोळ्यात पाणी आलं. पण पुढं म्हणाले, "माझं एक हाय. आण्णानं सवता यायचं. तलाठीबाईफुडं, जी माणसं असतील त्यांच्याफुडं, तोंडानं म्हणायचं, ह्यातला दोनशे वीस टन बापूचा. लिहून धाडलं तर मी सही करनार न्हाई."

मी काही बोलायच्या आत म्हणाले, "सत्काराला शालीची पिशवी धरून मी उभा हुतो. पाठीमागं. एकदा तरी वळून म्हणला का, की माझ्या भावाचा पण हाय."

मला त्यांचं एक अक्षर चुकीचं वाटलं नाही.

५ जुलै, शनि.
ह्यांना सांगितलं. "धाकटा मला अटी घालनार?" एवढंच. दिवसभर तोंड फुगवून. मी पण भाजी बेचव केली, मुद्दाम नाही, पण दुरुस्तही केली नाही.

कॉलेजची पहिली यादी आली. प्र.चं नाव आहे. इलेक्ट्रॉनिक्स. कागदपत्रं द्यायची शेवटची तारीख एकवीस. दाखला नसेल तर पूर्ण फी.

८ जुलै, मंगळ.
आज जे झालं ते लिहिल्याशिवाय माझा राग जाणार नाही.

मी केंद्रावर असताना हे प्र.ला घेऊन दौंडला गेले. बी.एस्सी.ला नाव घालायला. मला न सांगता. फी थोडी, ओमकारबरोबर येऊन-जाऊन करील, असा ह्यांचा विचार. पोरगी पण निघाली निमूट. का गेलीस म्हटलं तर म्हणाली, "पप्पांचं तोंड बघवत नव्हतं."

कॉलेजात रांगेत उभे होते. पुढचा माणूस वरवंडचा निघाला. त्यानं ह्यांना ओळखलं. "तुम्ही एकरी ब्याऐंशी टनवालं आण्णा ना? आमच्या गावात भाषान ऐकलं तुमचं." हात हातात घेतला. मग प्र.कडं बघून, "लेक का? मग हितं कशाला, पुन्याला टाका की. तुम्हाला काय कमी हाय राव."

आणि हे म्हणाले, "तिलाच हितं आवडतंय."

प्र. सांगत होती तेव्हा रडली नाही. म्हणाली, "मम्मी, मी नुसतं त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी फॉर्म घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, चल घरी."

मी ह्यांना एवढंच म्हटलं, "तुमचा मान राहावा म्हणून पोरीच्या नावावर खोटं बोलून आलात." आवाज चढवला नाही. चढवला असता तर ह्यांना बरं वाटलं असतं, भांडता आलं असतं.

९ जुलै, बुध.
हे सकाळपासून रानात. डबा नेऊन दिला. खाल्ला.

१० जुलै, गुरु.
चहा पिताना, कपात बघत, "उद्या तलाठीबाई ऑफिसला हाय का?"

मी म्हटलं, असती सकाळी.

"बापूला सांग, धा वाजता."

तुम्हीच सांगा की, असं ओठावर आलं होतं. गिळलं. जाऊन सांगितलं.

११ जुलै, शुक्र.
तलाठी कार्यालयात सात-आठ माणसं होती. वारसनोंदी, सातबारा, ज्याचं त्याचं. ह्यांना बघून एकानं खुर्ची सोडली. हे बसले नाहीत. भाऊजी दाराला टेकून. प्र. माझ्या मागं.

मॅडमनी कागद पुढं ओढले. "बोला आण्णा."

ह्यांनी घसा साफ केला. वरवंडला शंभर माणसांपुढं न अडखळलेला माणूस, पण सुरुवात जमेना. मग म्हणाले, "कारखान्याला पाचशे ऐंशी टन गेला माझ्या नावावर. त्यातला दोनशे वीस ह्याचा. माझ्या भावाचा. बापूचा." आणि हात दाराकडं केला. "दरसाल जातो. पैसं मी त्याला त्याच दिवशी देतो. पर ऊस त्यानं पिकवलाय."

मग म्हणाले, "आन् नव्वद..." मी पटकन म्हटलं, "तो आमच्यातच धरा मॅडम." ह्यांनी माझ्याकडं बघितलं. चाचांचं लक्षात आलं असावं, गप्प झाले.

कोपऱ्यातून एक जण म्हणाला, "मग एकरी किती पडला म्हनायचा आण्णा?" चिडवायला नव्हे, खरंच विचारलं त्यानं. मला वाटलं आता हे उठून जाणार.

"पन्नास पन न्हाई पडला," हे म्हणाले.

कोणी हसलं नाही. मी कधीची त्याच भीतीनं पदर आवळून उभी होते. ज्यानं विचारलं तो म्हणाला, "आमचा पन तेवढाच पडतोय." बस. पुढचा माणूस त्याच्या वारसनोंदीचं बोलायला लागला.

भाऊजींनी सही केली. मोठी, ठळक, पूर्ण नावानं. त्यांचं उत्पन्न पण नोंदवून घेतलं, साडेचार लाख. आमचा अहवाल सहा लाख सोळा हजाराचा. बाहेर आल्यावर दोघं भाऊ शेजारी उभे राहिले. शेवटी भाऊजी म्हणाले, पिकअप शिरूरकडंच चाललीय, वहिनीला सोडतो. तहसीलला आमचा आणि ओमकारचा असे दोन्ही अर्ज भरले, पावत्या घेतल्या. ह्यांचा मला अभिमान वाटला. हे त्यांना सांगायचं राहून गेलं, उद्या सांगीन.

१२ जुलै, शनि.
सांगितलं. "बरं बरं," म्हणाले आणि गोठ्यात गेले. कान लाल झाले होते.

१५ जुलै, मंगळ.
प्र. तासातासाला मोबाईल बघते. 'प्रलंबित'. ओमकारच्या अर्जाचं पण तेच. शोभा दिवसातून चारदा विचारायला येते. तहसीलमधून फोन आला होता भाऊजींना, मागच्या वर्षीच्या दाखल्याची प्रत घेऊन या म्हणून. कशाला, ते सांगितलं नाही. शोभाला धीर दिला, मला स्वतःला कुठं होता.

वरवंडहून भावाचा फोन. दाजींचं परत भाषण ठेवायचंय. फोन ह्यांना दिला. हे म्हणाले, "येतो की. पर ब्याऐंशी छापू नगा. खरं तेवढंच बोलीन." पलीकडं भाऊ काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. बराच वेळ बोलत होता.

१७ जुलै, गुरु.
आज कारखान्याच्या शेतकी विभागाचा माणूस आला, नव्या लागणीची नोंद घ्यायला. बांधावर उभा राहून म्हणाला, "आण्णा, नेहमीसारखं एकाच नावावर ना?"

मी केंद्रावर निघाले होते. थांबले.

हे म्हणाले, "बापूचं बापूला इचार."

भाऊजींना हाक मारली. आले, हाताला चिखल. त्या माणसानं परत विचारलं. वर म्हणाला, बापू, तुम्ही सभासद न्हाई, वेगळी नोंद केली तर टोळी उशिरा यायची, आधीच सांगतो. भाऊजींनी एकदा उसाकडं बघितलं, एकदा ह्यांच्याकडं. मग म्हणाले, "राहू दे आण्णाच्याच नावावर. तलाठ्याफुडं म्हणला, मला भरून पावलं."

दाखला दरवर्षी लागतो. यंदा परत सगळा ऊस ह्यांच्या नावावर म्हणजे पुढच्या वर्षी परत नऊ लाख छत्तीस. पण मी काय बोलणार, भाऊजी चांगुलपणानंच म्हणाले होते.

"न्हाई," हे म्हणाले. "तुझा तुझ्या नावावर लाव. चाचाचा राहू दे माझ्यात."

"आन् टोळी न्हाई आली मग? माझा वाळंल."

"येईल त्या टोळीला आधी तुझ्या फडात घालू. तुझा तुटल्याबिगर माझ्या उसाला कोयता लागनार न्हाई."

शेतकीचा माणूस दोघांच्या तोंडाकडं बघत उभा. मग त्यानं विचारलं, "मग काय लिवू?" भाऊजींनी हात धोतराला पुसला, आणि स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं.

ह्यांचा ऊस उशिरा तुटला तर वजन घटणार, पैसे कमी येणार. मला माहीत आहे, ह्यांनाही माहीत आहे. केंद्रावर जाईपर्यंत माझे डोळे पुसून होईनात. लोकांना वाटलं घरी काही वाईट झालं.

दाखला अजून आलेला नाही. सोमवारी एकवीस, कागदपत्रांचा शेवटचा दिवस.